ज्याचे पाहुणे, त्यानं पिशवी उचलावी

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरायलाय. बायको कोथिंबीर सांगते, नवरा मेथी आणतो, आणि खाली हसून लोळणाऱ्या इमोजी. आमच्या नात्यातल्या बायकांनीही हसून घेतलं. मला नाही हसू आलं. उद्या येळवस आहे, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून सगळ्यांना जेवू घालायचा आमच्याकडचा सण. हा विनोद ज्याला सुचला त्यानं आज रात्री लातूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरात येऊन उभं राहावं.

मागच्या येळवशीला मी ह्यांना ताक आणायला सांगितलं होतं. अंबिलीसाठी. रात्री दहाला हे आले ते मसाला ताकाच्या पाउचांची पिशवी घेऊन. पुदिना, जिरं, काळं मीठ सगळं घातलेलं. "ताक म्हणालीस, ताक आणलं." लातूरच्या बाजारातल्या गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, आणि त्यातल्या एकाही रस्त्यावर ह्यांना साधं ताक दिसलं नाही! ज्वारीचं पीठ रात्रीच भिजवावं लागतं, नाहीतर आंबणार कधी? भिजवलं त्यातच.

दुसऱ्या दिवशी शेतात पूजा झाली, पंगत बसली, आणि पहिल्या घोटाला दीर म्हणाले, "वहिनी, यंदा पुदिन्याची अंबील का?" सगळे हसले. हेही हसले. चुलत सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "तिनं नीट सांगितलं नसंल." म्हणजे आणणाऱ्याचं कौतुक आणि सांगणारीची चूक. अजूनही कुठल्या लग्नात भेटलं की लोक मला पुदिना विचारतात. ह्यांना कुणी विचारत नाही.

बरं, मान्य, आदल्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, भाव डोक्याला लागतात. ऑफिसातून सुटून धावत जाणाऱ्याची तारांबळ होते, तेही मान्य.

पण मग आवतणं कोण देतं? "या की उद्या शेतात, भज्जी खायला!" हे रस्त्यात भेटेल त्याला सांगणारे कोण? येळवशीला कुणाला नाही म्हणायचं नसतं, ती रीत मलाही प्रिय आहे. वाटसरूलासुद्धा हाक मारून जेवू घालावं. पण हाक मारणाऱ्याला भज्जीत, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या त्या मिसळीच्या भाजीत, काय पडतं ते माहीत हवं. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे रात्री नऊला ओट्यावर आदळले की ह्यांचं काम संपतं, आमचं तिथून सुरू होतं. सोला, मेथी-पालक-चुका निवडा, चिंच भिजवा, पहाटे उठून बाजरीचे उंडे वळा. आणि काही राहिलं तर उद्या आणू म्हणायची सोय नाही. येळवशीला कलेक्टर साहेब स्थानिक सुट्टी देतात, सगळं गाव शेतात, शहरात किराण्याचं एक शटर उघडं दिसत नाही.

माझे सासरे कधी बाजाराला गेले नाहीत, हे खरं. पण त्यांना जावंच लागलं नाही. तूर, वाटाणा, पावटा, सगळं बांधाबांधानं असायचं. आदल्या दिवशी दुपारीच टोपलं भरून आणायचे आणि ओसरीवर बसून स्वतः सोलायचे. बोटं हिरवी व्हायची त्यांची. आता आमच्या रानात सोयाबीन निघालं की नुसता हरभरा, बाकी सगळं विकत. शेतातल्या सणाला शेतातलं विकत आणायचं! यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही, तेवढं कळतं मला.

पण सोलायला तर विकत माणूस मिळत नाही ना? बसा की तुम्हीपण. क्रिकेट बघत बघत सोलता येतं. आणि तो पुदिन्याचा विनोद पुन्हा कुणी काढला तर मी सरळ सांगणार आहे की ताक कुणी आणलं.

यंदा ह्यांच्या ऑफिसातले सहा जण येणार आहेत, मला आज चहाच्या वेळी कळलं. मी यादी लिहिली नाही. म्हटलं, तुमचे पाहुणे, तुम्हीच आठवा काय काय लागतं ते. "जातो की," म्हणाले. साडेसात वाजलेत, पिशवी अजून खुंटीलाच आहे, आणि हे फोनवर सातव्याला आवतण द्यायलेत.