उजेड पाडणारे काका

"यांच्या डोक्याला लागत नाही, म्हणून कुणाच्याच लागणार नाही असं थोडंच आहे!"

भर दुकानात माझ्याकडे बोट दाखवून हे बोलणारे गृहस्थ माझे कुणीही लागत नाहीत. जेवणाच्या टेबलावर टांगायचा दिवा बघत होतो. सेल्समन म्हणाला, "सर, जरा खाली उभे राहता? उंचीचा अंदाज येईल." राहिलो. वास्तविक हा दिवा टेबलाच्या वर जेमतेम पाऊण मीटरवर लोंबतो. त्याला डोकं आपटायचं तर आधी टेबलावर चढायला हवं. पण एवढा विचार करतो कोण? माझी उंची निघाली, त्यावर चर्चा झाली आणि पलीकडच्या गिऱ्हाइकानंही मान वळवून बघून घेतलं.

काकांना हवा होता ट्यूबलाइटचा स्टार्टर. तो केव्हाच मिळाला होता, पुडीत बांधून हातात होता. पण काका हलेनात.

दिवा पारखायची त्यांची रीत एकच. खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढायची, दिव्याखाली तिरकी धरायची आणि एक्सपायरी डेट वाचायची. वाचता आली तर दिवा पास. बेडरूमसाठी मी 3000 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) छान पिवळसर दिवा काढायला लावला होता. काकांनी स्ट्रिप धरली, डोळे बारीक केले.

"नापास. महिना दिसतोय, साल दिसत नाही."

"काका, बेडरूममध्ये मंदच बरा."

"रात्रीची गोळी कुठे घेणार मग?"

"मी गोळ्या घेत नाही."

"घ्याल," काका शांतपणे म्हणाले.

बायको हसली. हे मी लक्षात ठेवलंय.

खरं तर मी चांगला अभ्यास करून गेलो होतो. 2700 ते 3000 केल्विन पिवळसर, 4000 मधला, 6500 पांढराफटक. यातली गंमत अशी, की लोखंड तापवत नेलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होतं. केल्विनचा हिशेबही त्याच चालीचा. म्हणजे सगळ्यात तापलेला जो रंग, त्याच्या खोक्यावर 'कूल' छापलेलं. हे मी काकांना समजावू लागलो, तर ते म्हणाले, "ते असू दे, वॉट किती?"

"9."

"9? अहो, आमचा झिरोचा बल्बसुद्धा यापेक्षा जास्त खायचा!"

9 वॉटचा एलईडी जुन्या 60 वॉटच्या बल्बएवढा उजेड देतो, वॉट नव्हे तर ल्यूमेन, म्हणजे उजेड किती ते, बघायचे असतात, हे सगळं मी बोललो. ऐकलं कुणी? सेल्समन एव्हाना मला सोडून काकांना दिवे दाखवत होता.

हॉलच्या वेळी तर कहर झाला. दिवा पंख्याच्या वर आला की पाती उजेड कापत बसतात आणि सगळी खोली लुकलुकते. हे मी सांगणारच होतो. काकांनी आधी सांगितलं, तेही हातानं पंखा फिरवून दाखवत. बायको म्हणाली, "बघ, हे तुला सुचलं नसतं."

मग मी सेल्समनला विचारलं, छतात बसवायचा हा चपटा गोल दिवा गेला, तर आतला बल्ब बदलता येतो ना? "नाही सर, अख्खं फिटिंग बदलायचं." बहुतेकदा जातो तो आतला, दिव्याला सोसेल अशी वीज पुरवणारा बोटभर ड्रायव्हर, पण टाकायचा सगळा दिवा. तोवर ते मॉडेल बंद झालेलं असतं, नव्याचा व्यास वेगळा, म्हणजे छताला पडलेलं भोक मोठं तरी करा नाहीतर बुजवा. पूर्वी स्टुलावर चढून बल्ब पिळला की काम व्हायचं. आता सुतार, रंगारी आणि वायरमन यांची एकाच दिवशी सवड जमवायची, आणि याला म्हणे प्रगती. या एका बाबतीत काका माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं, तर ते म्हणाले, "म्हणून सांगतो, ट्यूबलाइट घ्या. स्टार्टर मिळतो अजून."

बाथरूमचा दिवा तेवढा राहिला होता. तिथं पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आयपी 44 चा हवा, असं मी म्हणेपर्यंत बायको त्यांच्याकडे वळली होती. "काका, बाथरूमला कोणता घ्यावा हो?"

तिनं त्यांचा नंबर घेतलाय. फिटिंगच्या दिवशी येतो म्हणालेत.