निर्णायक मत आपलं नाही

"देवाने तुझ्या बाजूने मत दिलं, सैतानाने विरुद्ध, आता निर्णायक मत तुझं." तारणाविषयीचं, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेविषयीचं, हे वाक्य विश्वासणाऱ्यांत सर्रास फिरतं. जोडीला दोन आक्षेपही येतात: तारणात ख्रिस्ताचं सार्वभौमत्व, म्हणजे शेवटचा निर्णय त्याचाच, असं मानलं तर माणूस कळसूत्री बाहुली ठरतो, आणि 'तारणासाठी देवाने माझी निवड केली आहे का' ही धास्ती जन्मभर सुटत नाही.

मुळात सैतानाला देवाच्या बरोबरीचं मत कुणी दिलं? आणि आपण तरी मतदार कुठे होतो? बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आपल्याला पापांत मेलेले म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या लाजाराचंच पाहा: तो मेला होता, कबरीत चार दिवस झाले होते. येशूने हाक मारली आणि तो बाहेर आला.

बाहुलीचा आक्षेपही मला इथेच निकालात निघालेला दिसतो. लाजाराला कुणी ओढून काढलं नाही. हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले, तरी तो स्वतः चालत आला. मेलेल्या इच्छेत कृपा जीव घालते, मग माणूस येतो तो मनापासून येतो.

निवडीच्या धास्तीला त्याच शुभवर्तमानातलं योहान ६:३७ हे वचन पुरेसं आहे. पित्याने दिलेले सगळे माझ्याकडे येतील आणि येणाऱ्याला मी मुळीच घालवणार नाही, हे दोन्ही येशू एकाच वचनात सांगतो. निवडलेल्यांची यादी धुंडाळायला त्याने सांगितलेलं नाही, स्वतःकडे यायला सांगितलंय. (मग पाप करायला मोकळे का, असं कुणी विचारलंच तर प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात 'मुळीच नाही' असं उत्तर देऊन ठेवलंय.)

राहिलं सांत्वन, आणि माझा जीव तिथेच अडकलाय. १५६३ सालच्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीचा, म्हणजे प्रश्नोत्तरांतून ख्रिस्ती विश्वास शिकवणाऱ्या पुस्तिकेचा, पहिलाच प्रश्न आहे: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तर सुरू होतं ते असं, की मी माझा स्वतःचा नाही. शरीराने आणि आत्म्याने मी माझा विश्वासू तारणारा येशू ख्रिस्त याचा आहे.

माझ्या आईला शेवटच्या महिन्यांत माझं नावही आठवेना. प्रभूची प्रार्थना सुरू करायची, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायची आणि तिथेच थांबायची. बोटांत पकड उरली नव्हती, तिचा हात मीच धरून बसायचे. निर्णायक मत तिचं असेल, तर त्या दिवसांत ते कुणी सांभाळलं? मी तिला योहानाचा दहावा अध्याय वाचून दाखवायचे. माझ्या हातातून माझ्या मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही, असं येशू तिथे म्हणतो.

एक मात्र कबूल. 'देवाची इच्छा' म्हणत रडणाऱ्याला गप्प करणारे लोक या शिकवणीचा गैरवापर करतात. लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. आईला माती दिली त्या दिवशी मीही पोटभर रडले.