खुलासा: पाळणाघरातील जुना रंग कोरडा घासू नये
पावसाळ्यात ओल धरून भिंतीचे पोपडे सुटले, की पाळणाघरात जुना रंग कोरडाच घासून काढावा म्हणजे त्यातील शिसे जाते, असा संदेश कोल्हापुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी घातक आहे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत शिसे अधिक असू शकते, आणि घासताना उडालेली धूळ रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मुले पोटात गेलेले शिसे प्रौढांच्या ४ ते ५ पट शोषतात. मुले नसताना, भिंत ओली करूनच काम करावे आणि फरशी ओल्या फडक्याने पुसावी. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा, ही कळकळीची विनंती.