खर्चुडीचे कंद उपटून खर्चुडी वाचत नाही

‘खर्चुडी नामशेष होत आहे; पठारावर दिसताच कंद काढून आणा आणि परसात, बांधावर, गडावर लावा, कोणाची परवानगी लागत नाही,’ असा संदेश बेळगाव-खानापूर भागातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. खर्चुडी म्हणजे सेरोपेजिया, कंदातून उगवणारी रानवनस्पती. तो संदेश वाचून माझ्या भाच्याने जांबोटीकडून पिशवीभर कंद आणले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कंद आणला की जात वाचली, हा सर्वांत घातक दावा आहे. खर्चुडी पावसाळ्यात कंदातून उगवते, फुलते आणि पाऊस सरल्यावर पुन्हा जमिनीत दडते. बारीक माशी तिच्या कंदिलासारख्या फुलाच्या नळीत शिरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकल्यावर परागपुंज घेऊन सुटते. ती दुसऱ्या फुलात पोचली तर शेंगांची जोडी धरते आणि रुईच्या म्हातारीसारख्या बिया वाऱ्यावर जातात. फुलोऱ्यातले रोप उपटणारा त्या वर्षीचे बी तर बुडवतोच, शिवाय आधीच विरळ झालेल्या वस्तीतले पुढेही बी देऊ शकणारे रोप कमी करतो. परसात एकटे लावलेले रोप हिरवे राहीलही, पण त्याला शेंग धरेल याची शाश्वती कोण देणार?

‘रोप जगले म्हणजे काम झाले’ हेही खरे नाही. ‘बायॉलॉजिकल कॉन्झर्वेशन’ या नियतकालिकात २०११ साली २४९ वनस्पतींच्या पुनर्लागवडीचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ५२ टक्के रोपे जगली, १९ टक्के फुलली आणि अवघ्या १६ टक्क्यांना फळ धरले. हे जाणकारांनी ठरवून केलेल्या प्रयत्नांचे आकडे आहेत, पिशवीतून आणलेल्या कंदांचे नव्हेत.

कंदापासून खर्चुडी कुंडीत वाढते, एवढे नाइलाजाने मान्य करतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात तिच्या अनेक जाती जोपासल्या आहेत. मात्र ती रानात परत लावायची, तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती तिथून का गेली ते आधी शोधून दूर करावे लागते आणि मूळ वस्तीला धक्का न लावता रोपे मिळवावी लागतात.

परवानगीचा मुद्दा तर धडधडीत खोटा आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातून विनापरवाना वनोपज काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे.

ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांनी रोप जागेवरच ठेवून फुलाचे छायाचित्र घ्यावे आणि ती नोंद वनस्पतिशास्त्राच्या जाणकार प्राध्यापकाकडे किंवा वनखात्याकडे द्यावी. नेमके ठिकाण मात्र गटावर टाकू नये, कारण ते कळले की कंद खाणारे आणि हौशी लागवडवाले दोघेही तिथे पोचतात.