काळी पाच आणि रोख बिदागी : चक बेरीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (प्रतिक्रियेत तुम्ही 'आता सत्तरीला टेकलोय' असं लिहिलंयत म्हणून काका म्हणतोय. आवडलं नसेल तर सांगा.)

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं की राग येण्याचं कारण तुमचा निम्मा मुद्दा बरोबर आहे, हे आहे. म्हणून तिथल्या तिथे दोन ओळी खरडण्याऐवजी वेगळी पोस्टच लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की चक बेरी या अमेरिकी रॉक अँड रोल गायक-गिटारवादकाच्या फसलेल्या कार्यक्रमांचा जेवढा बोभाटा झाला तेवढा दोष त्याच्या एकट्याचा नाही. त्यावर काकांनी लिहिलं की ही शुद्ध वकिली आहे. त्यांनी ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका जत्रेत त्याला पैसे मोजून ऐकलंय. गिटार सुरात नव्हती, मागचा स्थानिक ड्रमर गाणं कधी संपतंय याचा अंदाज घेत भेदरून बसला होता, आणि पाऊण तासात हा माणूस गिटार पेटीत घालून गाडीत बसून चालता झाला. 'ज्याला तालीम करायचा कंटाळा, त्याला रॉक अँड रोलचा जनक म्हणून देव्हाऱ्यात का बसवायचं?' असा त्यांचा सवाल आहे.

आधी माझी चूक. 'बेरी नेहमी एकटाच फिरायचा' असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही जिम मार्सलाची आठवण करून दिलीत, ती रास्त आहे. हा बासवादक सुमारे चाळीस वर्षं त्याच्याबरोबर होता. 'नेहमी' हा शब्द काढून टाकलाय. आता पुढे गेलो की तुमच्याच मुद्द्यावर येतो, कारण मार्सलाचं असणं माझ्यापेक्षा तुमच्या बाजूने जास्त बोलतं : एक माणूस बरोबर ठेवता येत होता, तर चार का नाही?

तुमचं उत्तर 'पैसा' असं आहे. त्याचा करारच तसा होता हे खरं. आयोजकाने त्याची गाणी येणारा बँड उभा करायचा, स्टेजवर फेंडर कंपनीचे ड्युअल शोमन जातीचे दोन ॲम्प्लिफायर ठेवायचे, आणि बिदागी आधी रोख हातात द्यायची. तो विमानाने यायचा, भाड्याची गाडी स्वतः चालवत हॉलवर पोचायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि मग स्टेजवर चढायचा. याला तुम्ही हावरटपणा म्हणता.

इथे मला थोडं थांबायचंय. कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. गणपतीत एका मंडळाने कार्यक्रमानंतर 'उरलेले उद्या सकाळी घेऊन जा' असं सांगितलं. ती सकाळ अजून उजाडलेली नाही. एवढ्याशा अनुभवावर मी पुढची चार वर्षं अर्धे पैसे विसार म्हणून घेतल्याशिवाय केबल जोडली नाही. आता बेरीचा हिशेब बघा. १९५५च्या मे महिन्यात शिकागोत 'मेबेलीन' ध्वनिमुद्रित झालं. गाणं त्याचं, शब्द त्याचे, आणि छापून आलं तेव्हा गीतकार म्हणून नावं तीन. एक अॅलन फ्रीड, म्हणजे ते गाणं रेडिओवर वाजवणारा निवेदक. दुसरा रस फ्रॅटो, गाणं काढणाऱ्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या मालकांच्या ओळखीतला. गाणं पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या नावावर व्हायला १९८६ उजाडलं. एकतीस वर्षं! अशा माणसाने धनादेशावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. त्यात पन्नाशीच्या दशकातला दक्षिणेकडचा प्रवास, एक काळा माणूस, आणि त्याला ऐकायला जमलेली गोरी मुलं. तिथे कार्यक्रम संपल्यावर आयोजकाच्या दारात पैशासाठी ताटकळत उभं राहणं ही नुसती गैरसोय नसते.

रोख रकमेने त्याचं वाटोळंही केलं, ते वेगळं. करचुकवेगिरीसाठी १९७९मध्ये चार महिन्यांचा तुरुंगवास झाला. जूनमध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसमोर गायला आणि त्यानंतर लगेच शिक्षा सुनावली गेली. वर हजार तासांची समाजसेवाही होती, ती धर्मादाय कार्यक्रम करून फेडायची. गाणं म्हणणं ही शिक्षा म्हणून ज्याच्या वाट्याला आली असा दुसरा मोठा कलाकार मला माहीत नाही.

तेव्हा पैशापुरता मी त्याच्या बाजूने आहे. पण पैशाने तालीम न करण्याचा उलगडा होत नाही, आणि मागच्या लेखात मी हीच गल्लत केली होती. रोख मोजून घेतल्यावरही पंधरा मिनिटं बसून 'हे गाणं या पट्टीत, शेवट असा' एवढं सांगता येतंच. त्याने ते सांगितलं नाही. १९७३मध्ये मेरीलँड विद्यापीठात त्याच्या मागे वाजवायला जो पोरगेला बँड होता तो पुढे रॉकमध्ये गाजलेल्या ब्रूस स्प्रिंगस्टीनचा. पहिली रेकॉर्ड नुकतीच आलेली, नाव कुणाला ठाऊक नाही. बेरी कार्यक्रमाच्या तोंडावर आला. आज कोणती गाणी करायची, असं यांनी विचारलं, तर म्हणाला, चक बेरीची. स्प्रिंगस्टीनने हा किस्सा हसत हसत सांगितलाय, पण ते हसणं चौदा वर्षांनंतरचं आहे. त्या संध्याकाळी पोटात गोळाच आला असणार.

आणि त्याची पट्टी! तुम्ही गिटार वाजवता असं लिहिलंयत, तेव्हा हे तुम्हाला चटकन कळेल. रॉक वाजवणाऱ्या पोरांचे हात, हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर, पांढरी तीन आणि पांढरी सहा या पट्ट्यांना सरावलेले असतात, कारण तिथे गिटारच्या मोकळ्या तारा कामाला येतात. बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे काळी पाचमध्ये. 'मेबेलीन'ही काळी पाच. 'रोल ओव्हर बीथोव्हन' काळी दोन. हार्मोनियमवाल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण जत्रेत आयत्या वेळी उभ्या केलेल्या गिटारवाल्या पोरासाठी ही परीक्षाच, आणि तीही प्रश्नपत्रिका न देता.

या पट्ट्या आल्या कुठून, तर पियानोवरून. गोष्टीचा गाभा मला इथे दिसतो, आणि मागच्या लेखात तो एका वाक्यात उरकला याची मला तुमच्या टीकेपेक्षा जास्त चुटपुट लागलीय.

१९५२च्या वर्षअखेरच्या रात्री सेंट लुईसच्या जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवादकाला आपल्या तिघांच्या बँडसाठी एक बदली वादक हवा होता. त्याने बेरीला बोलावलं. म्हणजे बेरीने जॉन्सनला साथीला घेतलं नाही, बेरीच जॉन्सनच्या साथीला गेला. पुढे दुकानाची पाटी बदलली. पण त्या जुन्या रेकॉर्डी हेडफोन लावून ऐका. गिटार एक वाक्य बोलते आणि पियानो मागून सतत कुजबुजत असतो, मध्येच तिला टोकतो, मध्येच पुढे पळतो. गिटारवरचे ते दोन-दोन तारांचे तुकडे एकट्याने वाजवले तर चमकदार वाटतात, पण त्यांचा झोका पियानोत आहे. गाणी कुणाची यावर जॉन्सनने २००० साली दावा लावला. फार उशीर झाला म्हणून दोन वर्षांनी न्यायालयाने तो काढून टाकला. कायद्याचं जाऊ द्या. शब्द बेरीचे आणि ते दुसऱ्या कुणालाही लिहिता आले नसते, असं माझं ठाम मत आहे. पण स्टेजवर त्याला उत्तर देणारा माणूस जॉन्सन होता. सत्तरच्या दशकात तो बेरीला सोडून गेला आणि शेवटी सेंट लुईसमध्ये गाडी चालवून पोट भरत होता.

म्हणून तुम्ही जत्रेत जे ऐकलंत ते अर्ध्या संवादासारखं होतं. समोरच्याचं बोलणं गाळून टाकलेलं. गिटार बेसूर होती हे मी नाकारत नाही. मला एवढंच वाटतं की ती सुरात असती तरी तुम्हाला काहीतरी रिकामं लागलं असतंच.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी बिघडला असेल, आधी असा नव्हता. १९५८च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचं चित्रीकरण बघा. बेरी तिशीचा, ऐन भरात, आणि तेव्हाही त्याच्या मागे स्वतःचा बँड नाही. महोत्सवातले जॅझवाले उभे आहेत, ड्रमवर जो जोन्ससारखा बुजुर्ग. काहींच्या चेहऱ्यावर 'हे काय गाणं' असा भाव आहे. आणि मध्येच क्लॅरिनेटवाला घुसून भलताच तुकडा वाजवतो! रॉकच्या गाण्यात क्लॅरिनेट. बेरी हसतो, नाचतो, पुढे जातो. अनोळखी माणसांना मागे घेऊन एकट्याने किल्ला लढवायची सवय त्याला आधीपासूनच होती. तेव्हा ती जिगर वाटायची. तीच पुढे तीस वर्षं रोज केल्यावर काय होतं, ते तुम्ही पाहिलंत.

आणि ही सवय दर वेळी अंगाशी यायची असंही नाही. अमेरिकेत त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं एकच, १९७२चं 'माय डिंग-अ-लिंग'. गाणं म्हणून मला ते अजिबात आवडत नाही, शाळकरी पोरांचा चावट विनोद आहे. पण ते ध्वनिमुद्रण आहे प्रत्यक्ष कार्यक्रमाचं, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं, तिथल्याच जमवलेल्या वादकांबरोबर. त्यातले दोघे पुढे 'अॅव्हरेज व्हाइट बँड'मध्ये गेले. त्यात तो हजारो लोकांना बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला असं वाटून गाऊन घेतो, आणि लोक लहान मुलांसारखे ऐकतात. त्याच मैफिलीच्या रेकॉर्डीच्या शेवटी निवेदक गर्दीला बाहेर जायची विनवणी करताना ऐकू येतो, कारण पुढचा कार्यक्रम पिंक फ्लॉइड या बँडचा आहे आणि लोक 'वी वाँट चक' म्हणत जागचे हलत नाहीत. 'प्रेक्षकांची कदर नसलेला माणूस' हे तुमचं वाक्य मला म्हणूनच पटत नाही. प्रेक्षक त्याला नेमका कळायचा. कदर नव्हती ती साथीदारांची.

तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे. १९८६च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या साठीनिमित्त सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये 'रोलिंग स्टोन्स'चा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने हट्टाने चांगला बँड बांधला आणि जॉन्सनला पियानोवर परत आणून बसवलं. टेलर हॅकफर्डने त्यावर चित्रपट केलाय. त्यात तालमीत बेरी रिचर्ड्सला आपल्या 'कॅरल' गाण्याची सुरुवात पुन्हापुन्हा वाजवायला लावतो. हे असं नाही, परत. परत. ज्या माणसाने तुझ्यावरच्या प्रेमापायी हा घाट घातलाय, त्याला चारचौघांत असं? पण गंमत अशी की त्याच प्रसंगातून दुसरंही दिसतं. त्या तुकड्यातला बारीकसा खेच कसा यायला हवा, हे त्याला तंतोतंत ठाऊक होतं. रोज रात्री अनोळखी पोरं तो चुकीचा वाजवत होती आणि तो ऐकत होता. इतके काटेकोर कान असलेला माणूस एवढी वर्षं गप्प कसा राहिला, हे मला त्या अरेरावीपेक्षा जास्त छळतं.

१९९५मध्ये क्लीव्हलंडला, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मोठ्या मैफिलीत, स्प्रिंगस्टीनचा बँड परत त्याच्या मागे होता. आता तो जगातला नावाजलेला बँड. त्यातला गिटारवादक निल्स लॉफग्रेन सांगतो की बेरीने न सांगता पट्टी बदलली, सगळ्यांची दाणादाण उडवली आणि यांना वाजवत सोडून स्टेजवरून निघून गेला. तेव्हा 'साथीदार नवखे होते म्हणून' ही माझी पळवाटही बंद.

एका वाक्यात दुसरंही. त्याच्या उपाहारगृहातल्या चोरट्या कॅमेऱ्याचा दावा, अल्पवयीन मुलीच्या प्रकरणातला साठच्या दशकातला तुरुंगवास, हे मी या लेखात आणलं नाही याचा अर्थ ते माफ आहे असा घेऊ नका. ते स्टेजवरच्या वागण्याच्या हिशेबात घालून वजा-बेरीज करण्याची गोष्टच नाही.

मात्र तुमच्या प्रतिक्रियेत एका जागेचा उल्लेख नाही. सेंट लुईसला 'ब्लूबेरी हिल' म्हणून खानावळवजा ठिकाण आहे. तिथल्या तळघरात १९९६पासून २०१४पर्यंत, वयाच्या सत्तरीपासून सत्त्याऐंशीपर्यंत, तो जवळजवळ दर महिन्याला वाजवत होता. एकूण २०९ कार्यक्रम. मागे ठरलेली माणसं : बासवर मार्सला, हार्मोनिकावर मुलगी इंग्रिड, पुढे गिटारवर मुलगा. शेवटी शेवटी शब्द विसरायचा, सूर हलायचा, पण कुणी सांभाळून घ्यायला होतं. गावातल्या गावात, घरून गाडी काढून जायचं, घरी परत यायचं. मी त्याला प्रत्यक्ष कधी ऐकलं नाही. पण ऐकायची एक संधी मिळाली असती तर जत्रा नको, फॉक्स थिएटरही नको, ते तळघर मागितलं असतं.

मूळ लेखात मार्सलाची दुरुस्ती केलीय, आणि 'दोष त्याच्या एकट्याचा नाही' हे वाक्य बदलून 'पैशाबाबतीत दोष त्याचा नाही' असं केलंय. त्यापुढे जायची माझी तयारी नाही.

आणि काका, तुम्ही लिहिलंयत की कार्यक्रमानंतर तो ड्रमर मागच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता आणि तुम्ही त्याला बिअर दिलीत. त्या पोराला आयोजकाने त्याचे पैसे दिले का हो? आठवत असेल तर जरूर लिहा.