टाकाऊ मिळेल का टाकाऊ?

फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवात मी त्या कार्यशाळेत शिरले ती कलेसाठी नव्हे, पंख्यासाठी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत चार खुर्च्या रिकाम्या दिसल्या. एक बाई टाकून दिलेल्या वस्तूंपासून शिल्पं कशी करतात ते सांगत होत्या. पडद्यावर पिकासोचा १९४२ सालचा बैल आला. सायकलची सीट आणि सायकलचंच हँडल, दोनच वस्तू. सीट म्हणजे निमुळतं तोंड, हँडल म्हणजे शिंगं. पण काय तो बैल! परतीच्या लोकलमध्ये मला सगळीकडे जनावरं दिसायला लागली. समोरच्या बाईच्या केसांतला क्लच म्हणजे खेकडा, वरच्या कड्या म्हणजे ओळीनं लटकलेली वटवाघळं.

"वस्तू टाकलेलीच हवी, विकत काही आणायचं नाही," एवढाच बाईंचा नियम. सोपा वाटला. पुढचे पाच महिने मी या दीड कोटीच्या वर माणसं राहतात त्या शहरात कुणीतरी टाकलेली एक वस्तू शोधत होते.

सुरुवात अर्थातच घरापासून. मुलुंड पूर्वेला आमचं वन बीएचके आहे, त्यात एक माळा आहे आणि माळ्यावर काय आहे हे फक्त सासूबाईंना ठाऊक आहे.

"आई, माळ्यावर टाकायचं असं काही आहे का?"

"टाकायचं असतं तर माळ्यावर कशाला ठेवलं असतं?"

तर्क बिनतोड होता. तरी स्टूल घेऊन चढले. श्रीखंडाचे सव्वीस डबे (झाकणं वेगळ्या पिशवीत), पिशव्यांची पिशवी, त्या पिशवीची जुनी पिशवी, आणि एका बिस्किटाच्या डब्यात जुन्या कुकरचं काळं हँडल.

"हे घेऊ?"

"राहू दे. लागतं."

"आई, तो कुकर मोडीत देऊन नऊ वर्षं झाली."

"कुकर दिला. हँडल काढून घेतलं होतं आधी."

आमच्या घरात वस्तू मरत नाहीत, त्या पुढच्या जन्माला जातात. साडीचंच बघा. नेसायची साडी आधी घरात नेसायची होते. मग तिची गोधडी. गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसण्याचं फरशीचं फडकं, फडक्याचा मोरीतला बोळा. जी साडी या मार्गाला लागत नाही ती बोहारणीकडे जाते आणि स्टीलचा डबा होऊन परत येते. तो डबा माळ्यावर जातो. या रांगेत मी कुठे घुसणार? आमच्या आज्या-पणज्यांनी चिंध्यांतून गोधड्या शिवल्या, रंगाला रंग लावून, टाक्याला टाका लावून. त्यांना कुणी पंख्याखाली बसवून शिकवलं नव्हतं आणि ती कला आहे असंही कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पांघरली नसती, आणि मग घरात थंडीला काय?

शेवटी हँडल मिळालं. उसनं. "परत देणार असशील तर ने," या बोलीवर.

घरात डाळ शिजेना तेव्हा मी इमारतीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्याकडे मोर्चा वळवला. सकाळी सात वाजता, ऑफिसला जायच्या आधी. डब्यात वरच एक झकास पुठ्ठ्याचं नळकांडं होतं. हात घातला आणि मागून आवाज आला.

"ताई, तो पुठ्ठा वॉचमनचा हाय."

कचरेवाल्या मावशी. त्यांनी मला अगदी शांतपणे आमच्या डब्याचा सातबारा वाचून दाखवला. पुठ्ठा वॉचमनचा. दुधाच्या पिशव्या त्यांच्या. पाण्याच्या बाटल्या बी विंगच्या मावशींच्या, कारण गेल्या दिवाळीत तसं ठरलंय. काच कुणी घेत नाही, पण तांब्याची वायर निघाली तर लिफ्टवाल्याला आधी विचारायचं. एवढ्या स्पष्ट वाटण्या आमच्या गावच्या जमिनीच्याही झालेल्या नाहीत.

"मग माझ्यासाठी काय उरतं हो मावशी?"

त्यांनी विचार केला. "ओला घ्या की."

दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर कागद लागला. 'काही सभासद कचऱ्याच्या डब्यात वाकून बघताना सीसीटीव्हीत आढळले आहेत. असे वर्तन सोसायटीच्या प्रतिष्ठेस बाधक आहे.' सेक्रेटरी काका लिफ्टमध्ये भेटले तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

नवऱ्याला मी नेकचंद यांची गोष्ट सांगितली. चंदीगडला ते रस्ते निरीक्षक होते. नवं शहर उभं राहताना जी जुनी गावं पाडली त्यांचा मलबा, फुटक्या टाइल्स, बांगड्यांच्या काचा त्यांनी सायकलवरून वाहून नेल्या आणि १९५७ पासून जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप मूर्ती केल्या. अठराएक वर्षं कुणाला पत्ता नाही. १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं.

"अठरा वर्षं?" नवरा म्हणाला. "तू आपल्या जिन्यात अठरा मिनिटं कुंडी ठेवून दाखव."

त्यालाच मी मार्सेल द्युशाँही ऐकवला. १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला यानं मुतारीचं भांडं पाठवलं. त्यावर 'आर. मट' अशी सही आणि नाव दिलं 'फाउंटन'. आयोजकांनी ते मांडलं नाही, आणि पुढे मूळ भांडं गायबच झालं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रती. कलेचे इतिहासकार याबद्दल हळहळतात. आमच्या मावशींना विचारलं असतं तर कुणाच्या वाटणीत गेलं ते त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं.

मग राहिला भंगारवाला. स्टेशनच्या वाटेवर त्याची गाळावजा टपरी आहे. तिथं दारातच मला चहाची एक ॲल्युमिनियमची किटली दिसली. पोचे पडलेली, वर्षानुवर्षांच्या स्टोव्हनं काळीकुट्ट झालेली, चोच किंचित वाकडी. मला तिच्यात लख्ख कावळा दिसला. पोट, मान, शेपटीचा उतार, सगळं. आनंदानं मी नको ते बोलून गेले.

"भाई, हिचं मी आर्ट करणार आहे."

भंगारवाल्यानं किटली उचलून माझ्याकडे बघितलं. क्षणापूर्वी ती किलोवर होती, आता नगावर गेली. दर ऐकून मी म्हटलं, "अहो, ही तर भंगार आहे ना?"

"मैं बेचेगा तो भंगार. आप लेगा तो आर्ट."

कलाबाजाराची एवढी नेमकी व्याख्या मी जहांगीरच्या पायऱ्यांवरही ऐकली नव्हती. घेतली. नियम मोडला, पण किटली मोडकी होती एवढं समाधान. चोर बाजारातही एकदा जाऊन आले. मटण स्ट्रीटवर टाकाऊपणाला 'अँटिक' म्हणतात आणि वस्तू जितकी निकामी तितकी महाग. पाय नसलेल्या ग्रामोफोनसमोर मी थोडा वेळ उभी राहिले आणि बसचे पैसे शिल्लक असताना परत फिरले.

फुकट दिलं ते फक्त समुद्रानं. जुलैत मोठ्या भरतीच्या दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीला गेले. वर्षभर आपण समुद्रात जे ढकलतो ते त्या दिवशी तो घरपोच करतो. बाटल्या, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या, आणि चपला. सगळ्या एकेकट्या. जोडी एकही नाही. बाटल्या वेचायला पोरं आधीच आली होती, पण एकट्या चपलेकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मुंबईत खरोखर कुणाचंच नसलेलं असं काही असेल तर ती डाव्या पायाची रबरी चप्पल. तिच्या शेजारी पावसानं उलटी करून फेकलेली एक छत्री होती, कापड अर्धं, काड्या शाबूत. मी दोन्ही उचलल्या. चौपाटीवरचा एक कावळा त्याच छत्रीवर डोळा ठेवून होता. त्यानं मान तिरकी केली. मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

कावळा झाला. खोटा विनय कशाला, चांगला झाला. किटलीचं अंग, छत्रीच्या काड्यांचे आणि काळ्या कापडाचे पंख, चपलेचं रबर कापून पाय, आणि किटलीच्या वाकड्या तोटीवर कुकरचं हँडल घट्ट बसवून अशी चोच की तो आत्ता काहीतरी उचलून पळेल. सोसायटीच्या गणपतीत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा होती, तिथं ठेवला. पहिलं बक्षीस आइस्क्रीमच्या काड्यांच्या बंगल्याला गेलं. त्या काड्यांना आइस्क्रीम कधी लागलेलंही नव्हतं, स्टेशनरीच्या दुकानात पन्नासचं पाकीट मिळतं. परीक्षक माझ्या कावळ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हे इथून कुणीतरी उचला."

तो आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये राहायला आला. पितृपक्षात आईंना एकदम त्याच्याबद्दल आस्था वाटू लागली. "ह्याला बघून खरा येईल," म्हणत त्यांनी पान त्याच्यापुढे ठेवलं. खरा आला, वडा उचलला, माझ्या कलाकृतीवर बसून खाल्ला आणि किटलीवर आपला अभिप्राय सोडून गेला. आई मात्र खूश होत्या. आमचे सासरे वड्याचे शौकीन होते.

एप्रिलमध्ये पंख पातळ दिसायला लागले. आधी वाटलं, वारा. मग एका रविवारी डोळ्यांनी बघितलं. कावळा ग्रिलवर उतरला, छत्रीची एक काडी चोचीत धरली, दोन पाय रोवून तीन वेळा हिसडली, चौथ्यांदा वाकवली, सोडवली आणि समोरच्या गुलमोहरावर नेली. मुंबईतले कावळे तारांची घरटी बांधतात हे ऐकून होते. वर बघितलं तर खरंच, हँगरचे तुकडे, बांधकामाची तार, माझ्या काड्या, सगळं एकमेकांत असं गुंतवलेलं की वेल्डिंग नाही, गोंद नाही, तरी हलत नव्हतं. तो माणूस काळा घोड्याला कधी गेलेला नाही. मी दुपारभर खिडकीत बसून होते. हाकललं नाही, उलट एक काडी सैल करून ठेवली.

मंगळवारी ऑफिसमधून आले तेव्हा घरात डाळीचा वास होता आणि स्वयंपाकघरातून ओळखीची शिट्टी येत होती. खिडकीकडे बघितलं. पंख नव्हते, ते ठीक. पण चोचही नव्हती.

"आई, चोच कुठे गेली?"

"अगं, कुकरचं हँडल सकाळी तुटलं," आई आतून म्हणाल्या. "स्क्रू बसला बघ अगदी. तुला तेव्हाच म्हटलं होतं ना, लागतं म्हणून?"

दुसरी शिट्टी झाली.

"आणि ती किटली रिकामीच आहे ना आता? आण इकडे, घासून ठेवते."