दूध कट्ट्यावर डिनो झॉफ

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर पिळतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. परवा रात्री पक्या पोराला दुसरा ग्लास पाजत होता. पोरगं तेरा वर्षांचं, गोलला उभं राहतं, पण उंचीच नाही.

"पाज, पाज," अण्णा म्हणाले. "इटलीच्या गोलकीपर डिनो झॉफला त्याची आजी अशीच अंडी चारायची म्हणं. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या क्लबांनी बुटका म्हणून परत धाडलेलं पोरगं ते. चाळिसाव्या वर्षी कॅप्टन म्हणून वर्ल्डकप उचलला."

अण्णा आमच्या पेठेचे जुने गोलकीपर. उजव्या हाताची करंगळी कधीतरी मोडली ती वाकडीच जुळली, त्यामुळं ग्लास धरला की ती बाजूला उभी राहते. हल्ली सकाळी मैदानावर पोरांना शिकवतात.

पक्या ब्राझीलवाला. वर्ल्डकपला गल्लीत पिवळे झेंडे लावण्यात पहिला. त्याच्यापुढं १९८२ चं नाव काढायचं म्हणजे जखमेवर मीठ. इटली ३, ब्राझील २. शेवटच्या मिनिटांत ऑस्करचा हेडर झॉफनं गोललाईनवर दाबून धरला, तो आत गेला असता तर ब्राझील सेमीफायनलला होतं. पक्याचा तेव्हा जन्मही नव्हता, पण दुःख वडिलोपार्जित आहे.

"खेळाडू म्हणून एक नंबर, मान्य," सद्या मध्ये घुसला. "पण गोलकीपरनं कोच होऊ नये. जन्मभर मागं उभा राहून आरडाओरडा केलेला माणूस. त्याला फॉरवर्डचं काय कळणार? वर्ल्डकप जिंकलेला एक गोलकीपर कोच दाखवा."

"पक्याच्याच ब्राझीलचा," अण्णा शांतपणे म्हणाले. "१९६२, आयमोरे मोरेरा. तो गोलकीपरच होता. दुसऱ्याच मॅचला पेले जखमी होऊन बसला, तरी अमारिल्डोला घालून आणि गारिंचाच्या जिवावर कप नेला. फायनल चेकोस्लोव्हाकियाला ३-१."

पक्या आमच्याकडं असा बघायला लागला की जणू मोरेराला त्यानंच नेमला होता.

सद्यानं लगेच बाजू बदलली. हा त्याचा जुना गुण. "बरं, झॉफचंच बोला. २००० ला इटलीचा कोच म्हणून युरोची फायनल हरला. तिथला पुढारी बर्लुस्कोनी जाहीर बोलला, फ्रान्सच्या झिदानला मोकळा सोडला म्हणून. दोन दिवसांत राजीनामा! पळाला की ओ."

इथून खरं भांडण सुरू झालं. अण्णांनी ग्लास खाली ठेवला.

"पळाला? १९७८ च्या वर्ल्डकपला काय झालं ठाऊक आहे? हॉलंडच्या हाननं लांबनं मारला, आत. ब्राझीलच्या नेलिन्योनं लांबनं मारला, आत. छत्तीस वर्षांचा झाला, डोळं गेलं, असं पेपरवाल्यांनी लिहिलं. तेव्हा पळाला? चार वर्षं उभा राहिला आणि कप घेऊन आला."

"तेच म्हणतोय मी! तेव्हा थांबला, मग २००० ला का नाही थांबला?"

प्रश्न बिनतोड होता, हे मला कबूल करावं लागेल. सद्या वर्षातून एकदा असं बोलतो.

अण्णा म्हणाले, कोच म्हणून तो टीका ऐकून घेणाराच होता. १९९० ला युव्हेंटसला युईएफए कप आणि इटलीचा कप, एका मोसमात दोन्ही दिले. तरी क्लबनं काढला. ब्र काढला नाही. मग २००० ला तर स्पर्धेच्या तोंडावर गोलकीपर बुफॉनचा हात मोडला. टोल्डोला उभा केला. सेमीफायनलला झांब्रोटा रेड कार्डानं बाहेर गेला, दहा जण उरले, आणि हॉलंडनं सहातल्या पाच पेनल्ट्या घालवल्या. त्यातल्या तीन टोल्डोनं अडवलेल्या. फायनलला फ्रान्सविरुद्ध १-० पुढं. इंज्युरी टाइमची शेवटची मिनिटं. इटलीचे राखीव खेळाडू गळ्यात गळे घालून शिट्टीची वाट बघत उभे. फ्रान्सच्या विल्टोर्डचा बरोबरीचा गोल, आणि जादा वेळेत ट्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे तेव्हा तो पडला की मॅच तिथंच संपायची.

"हे सगळं त्यानं बाकावरनं बघितलं," अण्णा म्हणाले. "गोल पडला की पुढच्या मॅचला उत्तर द्यायला खेळाडूकडं दोन हात असतात. कोचचे हात खिशात. वर बाहेरचा माणूस नालायक ठरवणार. का ऐकायचं?"

"म्हंजे रुसला."

"रुसला असता तर घरी बसला असता. सहा महिन्यांत लाझिओ क्लबला परत आला. तिथला कोच एरिक्सन इंग्लंडला गेला, ती टीम हातात घेतली आणि तिसऱ्या नंबरला आणली."

सद्या गप्प, पण पटलेला नाही. मलाही अर्धंच पटलं. राजीनामा बर्लुस्कोनीमुळं दिला की त्या शेवटच्या मिनिटामुळं, हे माझ्या डोक्यातनं जात नव्हतं. तसं म्हणालो, तर अण्णा बराच वेळ म्हशीकडं बघत राहिले.

"परवा पोरांची मॅच होती," मग म्हणाले. "कॉर्नर आला. आमचं पोरगं जागेवरच. आणि इकडं लाईनीबाहेर माझे दोन्ही हात वर. चहाचा कप शेजारच्याच्या अंगावर."

सगळे हसले. अण्णाही हसले, जरा उशिरा.

पक्याचं पोरगं इतका वेळ मिशीला फेस लावून ऐकत होतं. त्याला बर्लुस्कोनीशी देणंघेणं नव्हतं. "अण्णा, टोल्डो खाली पडला होता ना? मग विल्टोर्डचा बॉल हाताखालनं कसा गेला?"

अण्णा उठले. कट्ट्याच्या कडेला दोन रिकामे ग्लास अंतर ठेवून मांडले, धोतराचा सोगा वर खोचला आणि त्या वाकड्या करंगळीसकट डावा-उजवा हात जमिनीला समांतर नेत म्हणाले, "इकडं ये. तू विल्टोर्ड. मार."